दफ्तराची घडी

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महानुभावांपासून निघतो, बखरींपाशी काही काळ थांबतो, आणि 'ऐतिहासिक पत्रे' या मथळ्याखाली दोन-तीन तासिका खर्च करून अव्वल इंग्रजीच्या कालखंडाकडे वळतो. ही पत्रे आपल्यासमोर येतात ती छापील ग्रंथांतून. वर लेखांक, त्याखाली तारीख, तळाशी संपादकाची टीप. हे पत्र छापले जाण्यापूर्वी शे-दीडशे वर्षे कोठे पडून होते, ते कोणी व कशासाठी राखले, कोणत्या कागदांच्या शेजारी ते ठेवलेले होते, आणि त्या शेजारच्या कागदांना छापखान्याचे भाग्य का लाभले नाही, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ते इतिहासकारांचे प्रश्न आहेत, वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांच्याशी काय कर्तव्य, अशी आपली समजूत असते. आमच्या मते ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. कागद ठेवण्याच्या रीतीलाही इतिहास असतो, आणि आपण जो इतिहास वाचतो त्याची मांडणी पुष्कळ अंशी या रीतीनेच आधी करून ठेवलेली असते. पुण्याचे पेशवे दफ्तर हे याचे आपल्या घरातले उदाहरण. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः त्याचाच विचार करणार आहोत.

१

आधी शब्दाकडे पाहू. आज 'दप्तर' म्हटले की शाळकरी मुलाच्या पाठीवरचे ओझे डोळ्यांपुढे येते. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील 'डिफ्थेरा' या शब्दापर्यंत नेता येते. त्याचा अर्थ कमावलेले कातडे, म्हणजे लिहिण्याचा पृष्ठभाग. कातड्यावरून वहीकडे, वहीवरून वह्यांच्या संग्रहाकडे, संग्रहावरून तो संग्रह जेथे असतो त्या कचेरीकडे, आणि शेवटी मुलाच्या पिशवीकडे असा या शब्दाचा प्रवास झाला. 'रुमाल' हा शब्दही असाच. फारसीत तो तोंड पुसण्याचे वस्त्र. मराठी कारकुनाने मात्र त्याला एक स्वतंत्र अर्थ दिला. कागदांचे पुडके ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवायचे ते कापड म्हणजे रुमाल, आणि पुढे त्यात बांधलेला सगळा गठ्ठाही रुमालच. फडणीस (मुळात 'फर्दनवीस', म्हणजे फर्द लिहिणारा), चिटणीस, दफ्तरदार ही आज आडनावे झाली आहेत. एकेकाळी ती कागदाशी बांधलेल्या कामांची नावे होती.

शिवाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशातील दहा वर्गांपैकी एक वर्ग 'लेखनवर्ग' आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. दुर्ग, शस्त्रे, सैन्य यांच्या बरोबरीने लेखनाला स्वतंत्र वर्ग मिळतो, याचा अर्थ राज्य चालवणे म्हणजे लिहिणे आणि लिहिलेले जपणे हे त्या काळी पुरते उमगलेले होते. अष्टप्रधानांतील अमात्य, सचिव आणि मंत्री यांची जुनी नावे मजुमदार, सुरनीस आणि वाकनीस. तिन्ही पदांचा संबंध हिशेब, पत्रव्यवहार आणि नोंदी यांच्याशी आहे. याहून मागे गेलो तर यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्या नावावर परंपरेने मांडलेली 'मेस्तके' भेटतात. कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, कागद कसा मोडावा, मजकूर कोठून सुरू करावा, हे सांगणारी ती कारकुनांची हातपुस्तके होत.

पण रीत असणे वेगळे आणि कागद उरणे वेगळे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. शिवकालीन मध्यवर्ती दफ्तर आज आपल्यापाशी नाही. त्या काळचे जे मराठी कागद उपलब्ध आहेत ते बहुधा पत्र ज्याला पाठवले त्याच्या घरी राहिलेले, देशमुख-देशपांडे-कुलकर्णी यांच्या वतनाच्या संदुकीतले. म्हणजे शिवकाळ आपल्याला कळतो तो पत्र धाडणाऱ्याच्या बाजूने नव्हे, घेणाऱ्याच्या बाजूने. अठराव्या शतकाची गोष्ट उलटी आहे. तेथे धाडणाऱ्याचे घर, म्हणजे हुजूर दफ्तर, बऱ्याच अंशी शाबूत राहिले. या एका फरकाने दोन शतकांच्या इतिहासलेखनाचा पोत बदलून गेला आहे.

२

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची व्यवस्था नाना फडणीसांच्या अमलात पूर्णत्वास पोचली. दोनशेंहून अधिक कारकून तेथे काम करीत. दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. 'चालते दफ्तर' म्हणजे चालू कामाचे कागद, आणि 'एक बेरीज दफ्तर' म्हणजे काम पुरे झालेल्या हिशेबांचे कायमचे स्थान. चालत्या दफ्तरात फड, बेहेडा, सरंजाम असे पोटविभाग. काम मिटले की कागद एक बेरजेकडे जाई. तेथे त्याचे वर्गीकरण होऊन तो इतर कागदांत मिसळला जाई. आजच्या कार्यालयातील चालू नस्ती आणि अभिलेख कक्ष हाच भेद येथे अठराव्या शतकात पाळलेला दिसतो.

या व्यवस्थेचा गाभा कळायला त्यातील तीन प्रकारच्या कागदांकडे पाहावे. पहिला रोजकीर्द. दिवसाचा जमाखर्च आणि त्या दिवशी सुटलेले हुकूम यांची तारीखवार नोंद येथे होई. दुसरा घडणी. रोजकीर्दीतल्या विखुरलेल्या नोंदी उचलून त्या ज्याच्या त्याच्या नावाखाली लावलेल्या असत. तिसरा प्रांत अजमास. त्या त्या प्रांताचे उत्पन्न आणि खर्च यांचे अंदाज व हिशेब. थोडक्यात, एकच व्यवहार तीन ठिकाणी सापडू शकतो. कधी झाला हे माहीत असेल तर रोजकीर्दीत, कोणाचा हे माहीत असेल तर घडणीत, कोठला हे माहीत असेल तर प्रांत अजमासात. काळ, व्यक्ती आणि स्थळ या तीन वाटांनी कागदापर्यंत पोचण्याची ही योजना आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवरची किर्द-खतावणी तिचीच धाकटी बहीण. तो शब्दप्रयोग आपल्या हिशेबाच्या पुस्तकांत अजून टिकून आहे.

कागद दफ्तरात शिरण्याआधी त्यावर जे संस्कार होत तेही पाहण्यासारखे आहेत. कागद लांबट मोडलेला, समास सोडलेला, बोरूने लिहिलेला. मजकूर लांबला तर दुसरा बंद डिंकाने जोडायचा, आणि मध्येच कोणी एखादा तुकडा घुसडू नये म्हणून सांध्यावर पाठीमागून शिक्का करायचा. मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे पुढे कोणाला ओळ वाढवता येत नाही. त्यानंतर 'बार'. हुकमाची नोंद संबंधित खात्याच्या वहीत झाली याची ती खूण. बार नसलेली सनद संशयास्पद. आजही आपल्या सरकारी कार्यालयांत आवक-जावकाच्या नोंदीला 'बारनिशी' म्हणतात. तो शब्द उच्चारणाऱ्याला अठराव्या शतकाची आठवण असतेच असे नाही, पण शब्दाने ती सोडलेली नाही.

तारखांचाही असाच प्रकार. रोजकीर्दीत चंद्राचा 'छ', मग तिथीचा आकडा, मग मुसलमानी महिना आणि शुहूर सन. हे साल मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडाशी सुरू होई. सालात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. ज्या राज्याचे उत्पन्न जमिनीतून येते त्याच्या कागदांचे वर्ष पावसाबरोबर सुरू व्हावे, हे स्वाभाविकच होते. दफ्तराची घडी ही अशी शेताच्या घडीशी जुळलेली होती.

कागद बांधीव वहीत नसून सुटे होते, ही त्याची आणखी एक खूण. याची तुलना गोव्याशी करून पाहावी. १५९५ मध्ये पोर्तुगिजांनी गोव्यात अभिलेखागार स्थापन केले आणि त्याचा पहिला रक्षक म्हणून दियोगु दु कोतु या इतिहासकाराची नेमणूक झाली. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या गलबतांतला पत्रव्यवहार तेथे जाडजूड ग्रंथांत बांधला जाई, आणि 'मोसमांची पुस्तके' याच नावाने ते ग्रंथ ओळखले जातात. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच संग्रहाच्या आधारे मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला. बांधीव ग्रंथाचा गुण असा की त्यातले पान सहज निखळत नाही आणि क्रम मोडत नाही. दोष असा की नवा कागद मध्ये घालता येत नाही. रुमालाचे उलटे. तो सोडता येतो, वाढवता येतो, घोड्यावर घालून मोहिमेवर नेता येतो. पण ज्याने तो सोडला त्याने तसाच बांधला पाहिजे. रुमालाचा क्रम कापडात नसतो, बांधणाऱ्याच्या शिस्तीत असतो. शिस्त गेली की क्रमही जातो.

ती शिस्त दुसऱ्या बाजीरावाच्या काळात गेली. दफ्तरावरचा कारकूनवर्ग बराचसा कमी झाला, देखरेख ढिली पडली, लोकांनी कागद बाहेर नेले. १८१८ मध्ये राज्य संपले तेव्हा इंग्रजांच्या हाती आलेले दफ्तर हे असे विसकटलेले होते.

३

नव्या राज्यकर्त्यांना या कागदांची गरज इतिहासासाठी नव्हती. त्यांना सारा वसूल करायचा होता, आणि कोणाची जमीन साऱ्यातून मुक्त आहे हे जाणून घ्यायचे होते. एल्फिन्स्टनच्या काळात हक्क साधारणपणे चालू ठेवण्याचे धोरण होते. पुढे ते कडक झाले. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ च्या सुमारास सुरू झालेल्या चौकशीला १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनचे रूप मिळाले. इनामदाराने आपला हक्क कागदाने शाबीत करावा, आणि सरकार तो कागद दफ्तराशी ताडून पाहील, अशी ही पद्धत होती.

येथे दफ्तराचे काम मुळातून पालटले. पेशव्यांच्या काळात ते राज्य चालवण्याचे साधन होते. आता ते रयतेच्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा झाले. ज्याच्या आजोबाला तोंडी हुकमाने शेत मिळाले, ज्याची सनद आगीत गेली, ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, तो उघडा पडला. कमिशनने गावोगावच्या जमीनदारांकडून, दफ्तरदारांकडून आणि वतनदारांकडून कागद मागवून जमा केले. असे जमवलेले कागद म्हणजे आजच्या पेशवे दफ्तरातला 'जमाव' हा विभाग. नाव अगदी नेमके आहे. रोजकीर्द आणि घडणी यांना आतून एक क्रम आहे, जमावाला तो नाही. कोणत्या घरातून, कोणत्या संदुकीतून, कोणत्या कागदाच्या शेजारून कोणता कागद आला, हा संदर्भ तेथे सुटला.

१८५७ नंतर हे धोरण सैल झाले आणि १८६३ च्या कायद्यांनी थोडा आकार देऊन इनामे कायम करून घेण्याची सोय झाली. पण कागदांवरचा पहारा उठला नाही. पुण्यातील ज्या इमारतीत हे दफ्तर राहिले तिचे नाव 'एलिएनेशन ऑफिस' पडले. एलिएनेशन म्हणजे सरकारने आपल्या उत्पन्नातून दुसऱ्याला तोडून दिलेली जमीन, आपल्या भाषेत इनाम. मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या कागदसंग्रहाला दीर्घकाळ इनामांच्या कचेरीचे नाव होते, यातच सारे आले. दफ्तर खुले केले तर जुन्या हक्कांचे नवे दावे उभे राहतील, या धास्तीने ते अभ्यासकांना बंदच राहिले. १९०० साली न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर निबंध लिहिला तो रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेल्या उताऱ्यांच्या आधारे. बखरी लढाया आणि राजकारण सांगतात, पण लोकांचे जगणे या रोजनिशीत आहे, असा त्या निबंधाचा रोख आहे. तो रोख वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अजूनही पुरता मनावर घेतलेला नाही, असे आम्हाला वाटते.

४

सरकारी दार बंद असल्याने अभ्यासक घरांकडे वळले. १८७८ मध्ये 'काव्येतिहास-संग्रह' हे मासिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही त्यामागची मंडळी. काव्य आणि इतिहास ही दोन्ही अप्रकाशित साधने एकाच मासिकातून छापावीत, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. जुन्या कवितेचे बाड आणि जुन्या पत्राचे पुडके एकाच माळ्यावर, एकाच धुळीत सापडत होते. मराठीच्या आणि इतिहासाच्या विभागांमध्ये भिंत पुढे आली.

१८९७ पासून वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला आरंभ केला. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे एकूण बावीस खंड झाले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणीसांचे दफ्तर आले. तो संग्रह नंतर साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या मंडळींनी वाण्याच्या पुड्यांपासून आणि चुलीपासून किती कागद वाचवले याची गणती करणे शक्य नाही. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचा मुद्दा मांडायला हवा.

राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ साली हॉलंडमध्ये मुलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघा अभिलेखपालांचे एक हातपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक तत्त्व आग्रहाने मांडले. कोणताही कागदसंग्रह हा तो निर्माण करणाऱ्या कचेरीचा जणू सजीव देह असतो, म्हणून त्याची विषयवार फेरमांडणी करू नये, मूळ क्रम राखावा किंवा मोडला असल्यास शोधून पुन्हा लावावा. फ्रान्समध्ये १८४१ पासूनच एका कचेरीचे कागद दुसऱ्या कचेरीच्या कागदांत मिसळू नयेत असा दंडक होता. आपल्याकडे त्या वेळी चाललेले काम वेगळ्या स्वरूपाचे होते. आपण कागद वाचवत होतो, निवडत होतो, छापत होतो. लढाईचे वर्तमान सांगणारे पत्र छापले जाई, त्याच पुडक्यातली दाण्या-वैरणीची याद मागे राही. हे परिस्थितीने लादलेले होते. घर जळत असताना सामानाची यादी कोणी करत नाही. तरी परिणाम उरतोच. छापील खंडात पत्रे तारखांनी लागलेली असतात, घरांनी नव्हे. ते पत्र कोणत्या घराने, कोणत्या हक्काच्या आशेने, कोणत्या भांडणाच्या भीतीने दोनशे वर्षे जपले, ही त्याची दुसरी गोष्ट छपाईत गळून जाते.

सरकारी दफ्तराचे दार उघडले ते यदुनाथ सरकारांचा आग्रह आणि गो. स. सरदेसाई यांची चिकाटी यांमुळे. १९३० ते १९३४ या काळात 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर'चे पंचेचाळीस खंड बाहेर आले. पासष्टीच्या घरातल्या रियासतकारांनी अवघ्या काही वर्षांत केलेले हे काम पाहून आजही थक्क व्हायला होते. पण मूळ संग्रहातील मोडी रुमालांची संख्या सत्तावीस हजारांहून अधिक आहे, आणि एकेका रुमालात शेकड्यांनी कागद. पंचेचाळीस खंड ही त्या विहिरीतली ओंजळ आहे. खंडांच्या नावातच 'निवड' हा शब्द आहे. वाचताना तो आपण विसरतो, आणि जे निवडले तेच अठरावे शतक असे मानून चालतो.

५

कोणाला वाटेल, की वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने रुमाल उघडून काय करायचे? आम्ही दोन गोष्टी सांगू.

पहिली गोष्ट गद्याची. आपण ज्याला 'पत्रांची भाषा' म्हणतो ती बहुतांशी मुत्सद्द्यांची आणि सरदारांची भाषा आहे, कारण तीच निवडली गेली. रोजकीर्दीतले गद्य निराळे आहे. कोणाला किती पाने इनाम, कोणत्या बटकीची किंमत किती, कोणत्या गावी कोणता गुन्हा आणि त्याची गुन्हेगारी किती, कोणत्या विधवेला वर्षासन काय, असे एकेका ओळीत संपणारे संसार तेथे आहेत. त्यांत अलंकार नाही, आत्मनिवेदन नाही. पण मराठी गद्याने सर्वाधिक काम कोठे केले असे विचारले, तर या ओळींकडे बोट दाखवावे लागेल. ज्यांना बखरीत जागा नव्हती ते लोक येथे आहेत. मात्र ते स्वतः बोलत नाहीत. कारकून त्यांना ज्या सदराखाली लिहितो त्या सदराखाली ते सापडतात. बटकी मालाच्या हिशेबात, विधवा धर्मादायात, कुणबी थकबाकीत. दफ्तराची मांडणी समजल्याखेरीज त्यांचा शोध घेता येत नाही, आणि ती मांडणी समजली की समाजाने त्यांना कोठे ठेवले होते हेही दिसू लागते.

दुसरी गोष्ट वर्तमानाची. १८५२ मध्ये सरकार रयतेला म्हणत होते, कागद दाखवा. २०२३ मध्ये लोक सरकारला म्हणू लागले, कागद शोधा. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीसंदर्भात कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांपासून भूमी अभिलेख कार्यालयांपर्यंत जुने गठ्ठे सोडले जाऊ लागले. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, हक्काची पत्रके, शाळांची रजिस्टरे यांची पाने कोणी उलटत नव्हते, ती एकाएकी मोलाची झाली. मराठवाड्याच्या कागदांसाठी हैदराबादकडे पाहावे लागले, कारण राज्य बदलले तरी दफ्तर जुन्या राजधानीतच राहिलेले असते. आरक्षणाच्या प्रश्नाची बाजू-दुसरी बाजू हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला दिसते ते इतकेच, की एका माणसाच्या मुलाचे शिक्षण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने घाईत लिहिलेल्या एका शब्दावर येऊन ठेपते, आणि तो शब्द पुष्कळदा मोडीत असतो. त्या काळात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून बाहेर पडलेली लिपी अशी अचानक प्रशासनाच्या दारात परत उभी राहिली.

कायद्याने पाहिले तर आपली तयारी आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर आपले अभिलेख सूची करून, अनुक्रम लावून ठेवण्याचे बंधन घालतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आणि ज्याला लोक 'दप्तरदिरंगाईचा कायदा' म्हणतात तो, या दोघांच्याही नावात २००५ हेच साल आहे. कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत आहे. प्रलंबित कागद एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारे दुसऱ्यात, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, आणि नष्ट करायचे असे सहा गठ्ठे. कागदांचे अ, ब, क, ड वर्ग ठरलेले आहेत. 'अ' म्हणजे कायमचा, 'ब' म्हणजे तीस वर्षे, 'ड' म्हणजे वर्षभराचा पाहुणा. चालते दफ्तर आणि एक बेरीज दफ्तर यांचीच ही आजची आवृत्ती. प्रश्न पद्धतीचा नाही. पेशवाईतही पद्धत होती. ती माणसांत राहते, आणि माणसे कमी केली की मोडते, हा १८१८ पूर्वीच्या वीस वर्षांचा धडा आहे. कोणता कागद 'ड' हे ठरवणारा लिपिक उद्याच्या इतिहासाचा संपादक असतो, याची त्याला कोणी जाणीव करून दिलेली नसते.

आता कागद संगणकावर घेतले जात आहेत, आणि ते आवश्यकच आहे. वाळवी आणि ओल कोणाची वाट पाहत नाहीत. पण प्रतिमा म्हणजे सूची नव्हे. रुमाल सोडून कागद एकामागून एक यंत्राखाली ठेवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला, तरी तो कागद घडणीचा की जमावाचा, कोणत्या पुडक्यातला, त्याच्या आधी-नंतर काय होते, हे नोंदले नाही तर इनाम कमिशनने केलेला घोटाळा आपण अधिक वेगाने आणि कायमचा करू. हे नोंदवायला मोडी वाचता येणारा, शुहूर सन उलगडता येणारा, अजमास आणि ताळेबंद यांतला फरक जाणणारा माणूस लागतो. असा माणूस कोठे तयार व्हायचा?

आमचे उत्तर सरळ आहे. मराठीच्या विभागांत. संहिता कशी वाचावी, पाठभेद कसे तोलावेत, शब्दाचा काळ कसा ओळखावा, हे आपण शिकवतोच. त्यात मोडीची एक वर्षाची शिस्तशीर तयारी आणि दफ्तरविद्येची एक अभ्यासपत्रिका घालणे अशक्य नाही. ग. ह. खरे यांचे 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक १९५१ पासून आपल्या ग्रंथालयांत आहे. दुष्काळ साधनांचा नसून ते कपाटातून काढण्याच्या इच्छेचा आहे. तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी गठ्ठेही मराठी वाचणाऱ्याचीच वाट पाहत आहेत, आणि तेथे तर लिपीबरोबर तमिळ शब्दांचेही भान हवे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कचेरीतला, देवस्थानातला किंवा जुन्या शाळेतला एकच रुमाल घ्यावा, जसा आहे तसा क्रम राखून त्याची कागदवार यादी करावी, आणि तोच त्याचा लघुप्रबंध मानावा. एखाद्या कादंबरीतील व्यक्तिचित्रणावरच्या शंभराव्या प्रबंधापेक्षा तो मराठीच्या अधिक उपयोगी पडेल.

जुन्या कारकुनाला रुमाल सोडण्याची मुभा होती. अट एकच, की काम झाल्यावर तो होता तसा बांधून जागेवर ठेवायचा. छापणारे आणि चौकशी करणारे असे अनेक हात गेल्या दोनशे वर्षांत या रुमालांवरून फिरले. ते बांधून ठेवण्याचे काम बरेचसे बाकी आहे.